हेडफोनची गादी

हेडफोनची गादी : हेडफोनच्या दोन्ही वाट्यांना कानाच्या बाजूने बसवलेले मऊ कडे. कंपन्या तिला इअरपॅड किंवा कुशन म्हणतात, दुकानात नुसते ‘पॅड’ म्हटले तरी कळते. आत फोम, वर कातडे, रेक्झिन किंवा कापड आणि मागे वाटीच्या खाचेत अडकणारी झालर, एवढीच तिची रचना. हेडफोन डोक्यावर किती वेळ सहन होईल हे मुख्यतः तीच ठरवते. आवाज कसा लागेल यातही तिचा वाटा मोठा असतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर हेडफोनचा बहुधा हाच भाग सर्वांत आधी खराब होतो. म्हणून या नोंदीत किनाऱ्यावरच्या हवेचा विचार मुद्दाम विस्ताराने केला आहे.

गादीचे काम समजून घ्यायला चुंबळ आठवावी. हर्णैच्या बंदरात मासळीची पाटी डोक्यावर घेणारी बाई आधी फडक्याची चुंबळ करून टाळूवर ठेवते. चुंबळीने पाटीचे वजन कमी होत नाही. ते एका जागी टोचण्याऐवजी कड्यावर पसरते आणि पाटी डुगडुगत नाही. हेडफोनची गादी ही कानाभोवतीची चुंबळच आहे. ती मऊ असावी, पण मऊपणा म्हणजे सोय नव्हे. फार मऊ फोम पहिली पाच मिनिटे सुखावतो. तो तळापर्यंत दबला की वाटीची कड हाडाला लागते आणि अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. दुकानात डोक्याला लावून बघताना हीच फसगत होते. निदान वीस मिनिटे लावून बसल्याशिवाय गादीची पारख होत नाही.

दाबाचे गणित : हेडफोनचा पट्टा डोक्याला दोन्ही बाजूंनी ज्या जोराने धरतो त्याला पकड म्हणतात आणि ती न्यूटनमध्ये मोजतात. सेनहायझरच्या एचडी ६०० ची पकड सुमारे २.५ न्यूटन, बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची सुमारे ३.५ न्यूटन, असे आकडे निर्मातेच देतात. ३.५ न्यूटन म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ३५० ग्रॅमचा भार. बाहेरून १० आणि आतून ६ सेंमी. व्यासाची गोल गादी पूर्ण टेकली तर हा भार सुमारे ५० चौ. सेंमी. वर पसरतो आणि दाब पडतो पाऱ्याच्या ५ मिमी. एवढा. तीच गादी लहान निघाली, किंवा चेपून भार कानाच्या कडेवरील जेमतेम ५ चौ. सेंमी. वर आला, की दाब दहापट होऊन ५० मिमी. च्या पुढे जातो. त्वचेतील बारीक केशवाहिन्यांतला रक्तदाब ३० मिमी. च्या आसपास असतो. त्याहून जास्त दाब बराच वेळ राहिला की तिथले रक्त अडते. कान आधी बधिर होतो, मग ठणकू लागतो आणि हेडफोन काढताच लालबुंद होऊन तापतो. ‘हेडफोन चावतो’ असे लोक म्हणतात तो हाच प्रकार.

कान हे सोसण्यासाठी घडलेले अंगच नव्हे. खालची मऊ पाळी सोडली तर बाकीचा कान म्हणजे कूर्चा आणि तिच्यावर ताणून बसवलेली पातळ त्वचा, मध्ये चरबीचा थर जवळजवळ नाही. प्रौढ माणसाचा कान उभा सुमारे ६ ते ६.५ सेंमी. असतो आणि डोक्यापासून साधारण २ सेंमी. बाहेर येतो, वयाबरोबर तो थोडा लांबतही जातो. गादीचे भोक याहून मोठे आणि खोली याहून जास्त असेल तरच कान आत मोकळा राहतो. कानाला पूर्ण वेढणारे हेडफोन लांबच्या बैठकीला बरे पडतात ते यामुळे. कानावरच टेकणारे हेडफोन आटोपशीर असतात, पण त्यांचा सगळा भार कूर्चेवर येतो. पुष्कळ स्वस्त हेडफोन दिसायला कानाला वेढणारे आणि प्रत्यक्षात कानावर टेकणारे असतात. घेताना भोकात तीन बोटे उभी घालून पाहावी. ती अडकली तर कानही अडकणार.

चष्मा असेल तर अडचण वाढते. गादी चष्म्याची काडी कानामागच्या हाडावर दाबून धरते आणि त्याच जागी फट राहून आवाजही गळतो. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात बाहेरील दाबाने होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे. घट्ट टोपी, हेल्मेट, पोहण्याचा चष्मा यांनी ती तासाभरात सुरू होते आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबते. त्यामुळे हेडफोन लावून डोके दुखले की गोळी घेण्याआधी पकड सैल करून पाहावी. पट्टा धातूचा असेल तर रात्रभर पुस्तकांच्या चवडीवर ताणून ठेवल्याने पकड उतरते. प्लास्टिकच्या पट्ट्यावर हा प्रयोग करू नये, तो मोडतो.

वजनाचा भार मात्र गादीपेक्षा टाळूवर पडतो. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा आहे. दुसऱ्याच्या पट्ट्याला जाळी लावावी लागली ती या वजनापायी.

इतिहास : १९१० मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरात बसून बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने घेतले. त्या काळी सोयीचा विचार फारसा नव्हता. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन काढले आणि घरी निवांत बसून गाणे ऐकण्यासाठी हेडफोन ही कल्पना रुजली. १९६८ च्या सेनहायझर एचडी ४१४ ला उघड्या पिवळ्या फोमच्या गाद्या होत्या. वाटी मागून मोकळी असलेला हा पहिला हेडफोन. १९७९ मध्ये सोनी वॉकमनबरोबर फोमच्या गाद्यांचा हलका हेडफोन आला. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गळ्यात कोकणातल्या गावांनी पुढे पाहिला तो याच घाटाचा. चेपल्यावर सावकाश मूळ आकार घेणारा मेमरी फोम १९६० च्या दशकात नासासाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरिता केला होता. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि गालाच्या हाडाचा उंचसखलपणा भरून काढतो. चष्मेवाल्यांना तो मानवतो.

कोकणातील हवा आणि गादी : मे महिन्यात पुण्यात पारा ३८ वर असतो, रत्नागिरीत ३३ वर. तरी बंद गादीचा हेडफोन रत्नागिरीतच जास्त जाचतो. घाम येतो म्हणून अंग निवत नाही, तो सुकतो म्हणून निवते. आणि किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतके बाष्प असते की तो सुकत नाही. रेक्झिनच्या गादीखाली तर हवा हलतच नाही. दहा मिनिटांत कानामागून ओघळ सुरू होतो, गादी गालाला चिकटते आणि काढताना चर्र आवाज करते.

घामात मीठ असते, खाऱ्या वाऱ्यातही असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. मिरगापासून दसऱ्यापर्यंत कोकणात आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. परिणामी एकदा घामेजलेली गादी नुसती टांगून सुकत नाही. दुसऱ्या दिवशी हात लावला तरी ती गार आणि ओलसर लागते. बुरशीला यापेक्षा काय हवे? आधी पांढुरका भुरका थर, मग शिवणीच्या कडेने काळे ठिपके आणि माळ्यावरच्या जुन्या चामडी चपलांना येतो तोच वास.

सर्वांत मोठे नुकसान मात्र डोळ्यांना उशिरा दिसते. ज्याला दुकानदार लेदर म्हणतात ते बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ लेप असते. या द्रव्याच्या काही प्रकारांत रेणूंच्या साखळीचे दुवे पाण्याने तुटतात. हवेतले बाष्प आणि उष्णता मिळून हे काम सावकाश करत राहतात. हेडफोन वापरा अथवा डब्यात ठेवा, ते थांबत नाही. लग्नासाठी जपून ठेवलेल्या बुटांचा तळ मांडवात चालता चालता सुटून पडतो, त्याचेही कारण हेच. गादीवर आधी केसासारख्या भेगा पडतात, मग तिळाएवढे काळे पापुद्रे कानाच्या घडीत, मानेवर, उशीवर सापडू लागतात. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या घरी दोन पावसाळे एका कपाटात राहिलेल्या, जेमतेम आठवडाभर वापरलेल्या हेडफोनच्या गाद्या बाहेर काढताच बोटांना चिकटून आल्या. खालचे विणलेले पांढरे कापड तेवढे शिल्लक होते. ही हयगय म्हणता येणार नाही. असा माल किनाऱ्यावरच्या हवेसाठी केलेलाच नसतो, आणि खोक्यावर तसे कोणी लिहीत नाही.

यात भर पडते खोबरेल तेलाची. सकाळी डोक्याला तेल लावून वर हेडफोन चढवला की तेल गादीच्या वरच्या कडेतून शिवणीत उतरते. लेप फुगतो, गोंद सुटतो आणि फोमला खवट वास येतो. तेल लावलेल्या केसांवर रुमाल किंवा सुती पट्टी बांधून मग हेडफोन घालावा.

या हवेला सर्वांत मानवते ती मखमलीची किंवा जाळीदार कापडाची गादी. तिच्यातून हवा खेळते, तिला पापुद्रे सुटत नाहीत आणि ती धुता येते. उणेपण एवढेच की ती आवाज थोडा गळू देते आणि बाहेरचा गलका आत येऊ देते. खऱ्या मेंढीच्या कातड्याची गादी अंगाला छान लागते, पण पावसाळ्यात तिला बुरशीपासून जपणे हेच एक काम होऊन बसते.

कानाच्या आत घालायच्या इअरफोनला गादी नसते, रबरी टोपण असते. ते नळी बंद करते आणि आत घाम कोंडतो. दमट हवेत कानाला बुरशी लागण्याचा त्रास आधीच जास्त. ॲस्परजिलस नायजर ही त्यातली नेहमीची बुरशी. विहिरीत किंवा समुद्रात पोहून आल्यावर कान कोरडे झाल्याशिवाय इअरफोन घालू नयेत. कानात खाज सुटून स्राव येऊ लागला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. काडी किंवा कोमट तेल घालू नये.

गादी आणि आवाज : गादी, कान आणि वाटीतला आवाज काढणारा पडदा मिळून एक लहानशी बंद खोली तयार होते. या खोलीला फट पडली की सर्वांत आधी खर्जाचा आवाज जातो. डबलबारीच्या भजनाचे ध्वनिमुद्रण ऐकताना पखवाजाची धुमाची थाप पोकळ लागली, तर मुद्रणाला दोष देण्याआधी गाद्या वाटीवर नीट चारी बाजूंनी टेकल्या आहेत का ते बघावे. फोम चेपला की कान पडद्याच्या जवळ जातो, त्यानेही आवाजाचा तोल बदलतो. म्हणून दुसऱ्या बनावटीची गादी बसवल्यावर ‘हेडफोनच बदलल्यासारखा वाटतो’ ही तक्रार खोटी नसते.

पत्र्यावर आषाढाचा पाऊस कोसळतो तेव्हा घरात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. गणपतीला गावी आलेला चाकरमानी आता रजा वाचवून ओटीवर लॅपटॉप उघडतो आणि पाऊस आला की आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. नीट बसणारी गादी पावसाचा तडतडाट, म्हणजे उंच पट्टीचा भाग, बराच अडवते आणि आवाज वाढवण्याची गरजच कमी होते. गाडीची किंवा बोटीच्या इंजिनाची खालची घरघर मात्र गादीने फारशी अडत नाही. तिथे आवाज खोडून काढणारी इलेक्ट्रॉनिक सोय उपयोगी पडते, आणि तिलाही गादी घट्ट टेकलेली लागतेच.

कानाच्या रक्षणासाठी घालायच्या इअरमफला ही गोष्ट जास्त लागू आहे. आंब्या-काजूच्या बागांत पावसाळ्याअखेर ग्रासकटरने गवत मारतात. जांभ्याच्या चिरेखाणीत कापणीचे यंत्र दिवसभर कर्कशते. तिथे कडक, चिरलेल्या गादीचा इअरमफ माणूस अर्ध्या तासात गळ्यात उतरवून ठेवतो, आणि गळ्यातला इअरमफ कान वाचवत नाही. बागायतदारांनी आणि खाणमालकांनी पाते बदलतात तशा मफच्या गाद्याही बदलून द्यायला हव्यात.

निगा व बदल : वापर झाला की गादी आधी ओलसर, मग कोरड्या सुती फडक्याने पुसावी, म्हणजे मीठ निघते. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये, त्याने लेप तडकतो. पुसून पंख्याखाली ठेवावी. उन्हात किंवा चुलीच्या धगीवर नव्हे. पावसाळ्यात हेडफोन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला तर बुरशी लागत नाही; पुड्या मात्र मधूनमधून बदलाव्या लागतात. मखमली गादी वाटीवरून उतरवून सौम्य साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये दाबावी. श्रावणात ती सुकायला दोन-तीन दिवस सहज लागतात, तेव्हा दुसरा जोड असलेला बरा. जुन्या सुती लुगड्याची सैल खोळ शिवून रेक्झिनच्या गादीवर चढवली तर घाम टिपला जातो. खोळ एकपदरीच ठेवावी, जाड केली तर आवाज दबतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने हेडफोन घेताना पहिला प्रश्न गादी सुटते का, हा विचारावा. काही गाद्यांची झालर खाचेत ताणून बसते, काही फिरवून किंवा चाप दाबून निघतात, काही चुंबकाने धरलेल्या असतात. चिकटवलेली गादी असेल तर दोन पावसाळ्यांनंतर चांगला चालणारा हेडफोनही टाकून देण्याची पाळी येते. नवी गादी मागवताना वाटीची उंची, रुंदी आणि जुन्या गादीची न चेपलेली जाडी मोजून घ्यावी. जुनी फेकण्याआधी तिच्या मागची प्लास्टिकची चकती सोडवून ठेवावी; नव्या जोडाबरोबर ती दरवेळी येतेच असे नाही.