त्वचेसाठी दालचिनी: जुना वापर आणि नवे नियम

सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थान या विभागात एलादि गण, म्हणजे वेलचीपासून सुरू होणारा औषधी द्रव्यांचा गट, दिलेला आहे. वेलची, तगर, जटामांसी यांच्यासोबत त्यात दालचिनीची सालही येते, आणि हा गण कांती सुधारणारा, खाज व पुटकुळ्या घालवणारा मानला आहे. दालचिनीयुक्त क्रीम विकणारे हा दाखला आवर्जून देतात. तिथे दालचिनी अनेक द्रव्यांपैकी केवळ एक होती आणि आजच्या उत्पादनांत बहुधा सालीचे तीव्र, ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल असते, हे मात्र सांगितले जात नाही.

या तेलाचा मुख्य घटक सिनॅमल्डिहाइड. द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो १८३४ मध्ये वेगळा केला आणि १८५६ मध्ये किओझ्झा यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला, त्यामुळे सुगंधद्रव्यांच्या उद्योगाला सालीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. जिवाणू आणि बुरशी यांना रोखण्याची त्याची क्षमता प्रयोगशाळेत दिसून आली आहे. माणसाच्या त्वचेवरील फायद्याचे पुरावे त्या मानाने फारच तोकडे आहेत. शिवाय हाच रेणू त्वचेतील प्रथिनांशी सहज जोडला जातो, आणि काहींच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जोडीला परके समजू लागली की पुढे अल्प मात्रेनेही पुरळ व इसब उद्भवतो. ॲलर्जी नसतानाही तो त्वचेची आग करू शकतो; ओठ भरीव दिसावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लिपग्लॉसमध्ये तर ही चुरचुरच गुण म्हणून खपवली जाते.

१९७७ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ लार्सन यांनी सुगंधाची ॲलर्जी ओळखण्यासाठी सुचवलेल्या मिश्रणात सिनॅमल्डिहाइडचा समावेश होता, आणि तेव्हापासून पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित घटक पट्टीने त्वचेवर लावून ॲलर्जी तपासण्याच्या चाचणीत, त्याचे स्थान कायम राहिले आहे. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशानुसार २६ सुगंधी घटकांची नावे लेबलावर छापणे बंधनकारक केले: त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत ०.००१ टक्क्यांहून आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत ०.०१ टक्क्यांहून अधिक प्रमाण असल्यास. सिनॅमल्डिहाइड त्या यादीत होताच; २०२३ च्या नियमाने दालचिनीच्या सालीचे तेलही स्वतंत्रपणे नोंदवले.

घरगुती लेपाला अर्थातच लेबल नसते. मध आणि दालचिनीच्या पुडीचा लेप सर्रास सुचवला जातो, पण पुडीतही हाच घटक असतो आणि चिमूटभर म्हणजे नेमका किती, हे कोणी मोजत नाही. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा कायमची राहते, आणि मग दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्ट किंवा च्युइंगगमसुद्धा तोंडाला त्रास देऊ शकते.