उन्हाळ्यातील लोकरी कपडे

उन्हाळ्यात डोंगर चढताना, लांब पल्ल्याचे चालताना, धावताना किंवा सायकल चालवताना अंगालगत घालण्याचे पातळ लोकरी कपडे. त्यांत टी-शर्ट, बनियन, अंतर्वस्त्रे आणि मोजे येतात. ते बहुधा मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचे असतात आणि त्यांच्या कापडाचे वजन दर चौरस मीटरला साधारण १२० ते १६० ग्रॅम असते. हिवाळी अस्तराच्या कपड्यांत हेच वजन २५० ग्रॅमच्या पुढे जाते.

लोकर उबदार असते हे अर्धेच खरे आहे. ऊब मिळते ती मुख्यतः धाग्यांच्या मधे अडकून राहिलेल्या हवेमुळे. लोकरीचा केस मुळात कुरळा असतो, त्यामुळे जाड, फुगीर विणीत तो भरपूर हवा धरून ठेवतो आणि स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. तोच केस बारीक कातून मिलिमीटरपेक्षाही पातळ कापडात विणला की हवेला जागा उरत नाही आणि ऊबही बरीचशी जाते. बाष्प शोषण्याचा आणि वास बाहेर न सोडण्याचा गुण मात्र केसाच्या आत असतो. कापड कितीही पातळ केले तरी तो टिकतो. हवा काढून टाकायची आणि धागा ठेवायचा, एवढ्यावर उन्हाळी लोकरीचे तंत्र उभे आहे.

धागा आणि घाम

लोकर केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. केसावर खवल्यांचे आवरण असते आणि त्यावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर. त्यामुळे पाण्याचा थेंब वरच्यावर राहतो. आतला गाभा मात्र बाष्प सहज ओढून घेतो. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते. त्याच स्थितीत कापूस ७ ते ८ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर अवघे ०.४ टक्के पाणी धरते. हवा बाष्पाने पूर्ण भरली की लोकरीचे प्रमाण कोरड्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास पोहोचते, आणि एवढे पाणी आत असूनही कापड हाताला ओलेचिंब लागत नाही.

घाम सुटू लागतो तेव्हा त्वचेलगतची हवा आधी दमट होते, अंग भिजते ते नंतर. लोकर ही दमट हवा कोरडी करत राहते, म्हणून कपडा अंगाला चिकटल्याची भावना उशिरा येते. सावकाश चढणीवर किंवा थांबत थांबत चालताना हा फरक स्पष्ट जाणवतो. पण या गुणाची मर्यादा साध्या गणिताने कळते. १५० ग्रॅम वजनाचा शर्ट फार तर ५० ग्रॅम पाणी केसांच्या आत घेऊ शकतो, आणि कडक उन्हात जोरात धावणाऱ्या माणसाला तासाला एक लिटरभर घाम येऊ शकतो. पहिल्या काही मिनिटांतच शर्टाची क्षमता संपते. त्यानंतर लोकरही इतर कोणत्याही कापडासारखी ओली होते, आणि वाळायला पॉलिएस्टरपेक्षा जास्त वेळ घेते. जाहिरातींत हा भाग सहसा गाळलेला असतो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवला आहे.

लोकर बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते आणि कोरडी होताना ती परत घेते. चालायला सुरुवात केल्यावर यामुळे किंचित गरम वाटू शकते. खरा फायदा दिसतो तो खिंडीत किंवा माथ्यावर पोहोचल्यावर. अंग तापलेले, कपडे दमट आणि समोरून कोरडा वारा, अशा वेळी कापडातील ओल एकदम न उडता हळूहळू उडते, त्यामुळे अंगात हुडहुडी भरत नाही. उंच पर्वतांत दुपारी कडक ऊन आणि संध्याकाळी गारठा अशी स्थिती एकाच दिवसात येते. उन्हाळी लोकरीचे माहेर म्हणावे तर ते हेच.

शरीर थंड होते ते घामाच्या बाष्पीभवनाने. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ही उष्णता शरीरातूनच जावी यासाठी घाम त्वचेवर उडायला हवा. कापडाने तो बाहेरच्या पृष्ठभागावर नेला तर काही उष्णता आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते आणि शरीराला थंडावा तेवढा कमी मिळतो. म्हणून ‘घाम शोषून अंग थंड ठेवते’ असे कोणत्याही कापडाबद्दल सरसकट म्हणता येत नाही. सैल माप, वारा खेळण्याइतकी जागा, सावली, पाणी आणि चालण्याची गती यांचा परिणाम धाग्याच्या प्रकारापेक्षा कितीतरी मोठा असतो. उष्माघातापासून लोकर वाचवत नाही, तसेच दुसरे कोणतेही कापड वाचवत नाही.

वास

लोकरीचा सर्वांत निर्विवाद गुण हा आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काखेत वापरलेल्या कापडांचा वास माणसांकडून तपासून घेतला. पॉलिएस्टरचा वास सर्वांत तीव्र ठरला, लोकरीचा सर्वांत सौम्य, आणि कापूस या दोहोंच्या मधे राहिला. याच अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. लोकरीवर जिवाणू मरत नव्हते, उलट ते बराच काळ टिकून होते. म्हणजे लोकर ‘जिवाणूनाशक’ आहे हा प्रचार या निष्कर्षाशी जुळत नाही. वास कमी येण्याचे कारण वेगळे असावे. वासाचे रेणू केसाच्या गाभ्यात बांधले जातात आणि धुताना बरेचसे सुटतात. पॉलिएस्टर तेलकट पदार्थांना धरून ठेवते. त्वचेचे तेल त्यात मुरते आणि काही महिन्यांनी धुतलेला शर्टही घाम येताच कुबट वास देऊ लागतो.

कित्येक दिवसांच्या पदभ्रमणात याचा थेट परिणाम पाठीवरच्या ओझ्यावर होतो. एक शर्ट अंगात आणि एक सॅकमध्ये, एवढ्यावर आठवडा निभावतो. रात्री शर्ट वाऱ्यावर टांगला की सकाळी तो पुन्हा घालण्याजोगा होतो. रोज धुण्याची सोय असलेल्या, तासाभराच्या व्यायामाला मात्र या गुणाचे फारसे मोल नाही.

टोचणे आणि खाज

लोकर टोचते हा अनुभव खरा आहे, पण त्याला बहुतेकदा ॲलर्जी म्हटले जाते ते चूक. कारण यांत्रिक आहे. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केसाचे टोक त्वचेवर दाबले गेले तर ते वाकत नाही आणि त्वचेतील संवेदी मज्जातंतूंना डिवचते. कापडात असे जाड केस पाच टक्क्यांहून अधिक झाले की बहुतेकांना खाज जाणवते. त्वचा घामाने ओलसर आणि मऊ झाली की टोचणे वाढते, त्यामुळे हिवाळ्यात सहन होणारी लोकर उन्हाळ्यात नकोशी होते. उन्हाळी कपड्यांत म्हणूनच १७ ते १९.५ मायक्रॉनची लोकर वापरतात. त्यातले केस वाकतात. मेलबर्न येथे इसब असलेल्या लहान मुलांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिबारीक मेरिनो कपड्यांनी त्रास वाढण्याऐवजी कमी झाल्याचे आढळले. तरीही त्वचा फार संवेदनशील असेल तर नवा शर्ट आधी घरी घालून घाम येईपर्यंत वापरून पाहावा आणि मगच लांबच्या वाटेवर न्यावा.

इतिहास

व्यायामाला लोकर ही कल्पना नवी नाही, मधल्या काळात ती विसरली गेली होती. १८८०च्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह येगर यांनी आरोग्यासाठी बारा महिने अंगालगत लोकरच घालावी असा आग्रह धरला. त्यांच्या विचारांवर १८८४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्याच नावाची कपड्यांची कंपनी निघाली आणि नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्यासारखे लोक तिचे कपडे वापरू लागले. वनस्पतिज धागे आरोग्याला अपायकारक असतात हा येगर यांचा दावा टिकला नाही, पण लोकर घामाचे बाष्प चांगले हाताळते हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते.

क्रिकेटपटू आणि टेनिसपटू फ्लॅनेलच्या लोकरी विजारी घालून भर उन्हात खेळत. तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जुलै महिन्यात होते, आणि तिच्यातील जर्सी कित्येक दशके लोकरीच्या होत्या. आघाडीवरच्या सायकलपटूची पिवळी जर्सी १९१९ मध्ये सुरू झाली तीही लोकरीची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिच्यात कृत्रिम धागा मिसळला गेला तेव्हा फ्रेंच सायकलपटू लुईझाँ बोबे यांनी ती घालण्यास नकार दिला आणि शुद्ध लोकरीचा आग्रह धरला. पोहण्याचे पोशाखही विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोकरी असत. पाण्यात ते जड होऊन लोंबत, आणि लोकर कुठे चालत नाही याचे ते ठळक उदाहरण आहे.

पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन हे कृत्रिम धागे आले. ते हलके, स्वस्त, मजबूत आणि लवकर वाळणारे होते. १९७० आणि १९८०च्या दशकांत गिर्यारोहकांनी त्यांचा मनापासून स्वीकार केला, पण वासाचा प्रश्न सुटला नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत स्मार्टवूल आणि न्यूझीलंडमध्ये आइसब्रेकर या कंपन्यांनी बारीक मेरिनोचे मोजे आणि अंगालगतचे कपडे बाजारात आणले, आणि लोकर डोंगरात परत आली.

कुठे उपयोगी, कुठे नाही

दमट, उकाड्याच्या प्रदेशात हवेतच बाष्प भरलेले असते, घाम उडतच नाही, आणि लोकरीचा शोषणगुण लवकर निष्प्रभ होतो. तिथे पातळ, जाळीदार कृत्रिम कापड निदान लवकर वाळते. कोरड्या वाळवंटी उन्हात याउलट ओला सुती शर्ट चांगला थंडावा देतो, मात्र सूर्यास्तानंतर तोच गारठवतो. थोड्या वेळाच्या, पूर्ण ताकदीच्या व्यायामात लोकरीचा विशेष लाभ नाही. अनेक दिवसांची वाट, चढ-उतार, मधले थांबे आणि थंड रात्र असेल तर मात्र लोकरीला तोडीचा पर्याय नाही.

लोकर अतिनील किरण चांगले शोषते, तरी अगदी विरळ किंवा ताणलेल्या कापडातून ऊन आत शिरतेच. तिला पेट घ्यायला ५७० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते आणि ती वितळत नाही. स्टोव्हजवळ किंवा शेकोटीपाशी ठिणगी पडली तर तिथे काळी राख होते. पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटू शकते.

मोज्यांबाबत मतभेदाला फारशी जागा नाही. पाय बुटात कोंडलेले असतात, तिथे वारा पोहोचत नाही, आणि ओलसर त्वचेवर घर्षण वाढून फोड येतात. लोकर बाष्प शोषून त्वचा जरा कोरडी ठेवते आणि दबली तरी पुन्हा फुगते, म्हणून टाचेखालचा मऊपणा दिवसभर टिकतो. शुद्ध लोकरीचा मोजा लवकर विरतो, त्यामुळे त्यात नायलॉन आणि थोडा ताणणारा धागा मिसळलेला असणे इष्ट. पातळ बूट असेल तर मोजाही पातळच हवा. जाड मोज्याने बूट घट्ट होतो आणि फोड उलट वाढतात. लोकर करून पाहायची असेल तर सुरुवात मोज्यांपासून करावी.

झीज आणि निगा

पातळ मेरिनोचा खरा दोष म्हणजे नाजूकपणा. लोकर ओली झाली की कमकुवत होते (कापूस ओला झाल्यावर उलट मजबूत होतो), आणि नेमक्या त्याच वेळी सॅकचे पट्टे तिला खांद्यावर आणि कमरेवर घासत असतात. तिथे आधी गोळे येतात, मग बारीक भोके पडतात. यावर उपाय म्हणून नायलॉनच्या गाभ्याभोवती लोकर गुंडाळलेला धागा वापरतात, किंवा लोकरीत पॉलिएस्टर मिसळतात. पाठीवर जड ओझे असेल तर शुद्धतेच्या हट्टापेक्षा असे मिश्रण शहाणपणाचे ठरते.

केसावरच्या खवल्यांमुळे लोकर गरम पाण्यात घुसळली की केस एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. यंत्रात धुता येणाऱ्या लोकरीचे खवले बहुधा क्लोरीनची प्रक्रिया करून आणि त्यावर बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ लेप देऊन बोथट केलेले असतात. या प्रक्रियेचे सांडपाणी पर्यावरणाला त्रासदायक असल्याने क्लोरीनविना पद्धतीही वापरात येत आहेत. घरी थंड किंवा कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असलेली धुण्याची पावडर लोकरीलाही खाते, कारण लोकर स्वतःच प्रथिन आहे. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये. धुतल्यावर ओला कपडा पिळू नये आणि टांगूही नये, सपाट पसरावा. साठवण्याआधी तो धुतलेला असावा, कारण कसरीच्या अळ्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर विशेष आवडते.

मेंढ्यांचा प्रश्न

मेरिनो मेंढीच्या कातडीला सुरकुत्या असतात आणि शेपटीभोवतीच्या सुरकुत्यांत माश्या अंडी घालतात. ते टाळण्यासाठी तिथली कातडी कापून काढण्याची म्यूलसिंग ही पद्धत ऑस्ट्रेलियात रूढ झाली. ती वेदनादायी आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. कमी सुरकुत्यांच्या मेंढ्यांची पैदास हा अधिक टिकाऊ मार्ग आहे आणि अनेक पशुपालक त्याकडे वळले आहेत. २०१६ पासून रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड हे प्रमाणपत्रही उपलब्ध आहे आणि त्यात म्यूलसिंगला मनाई आहे. धुताना कृत्रिम कापडातून सुटणारे तंतू पाण्यात वर्षानुवर्षे राहतात, प्रक्रिया न केलेली लोकर मात्र कुजते. दुसरीकडे मेंढ्या मिथेन सोडतात आणि त्यांना मोठी कुरणे लागतात. म्हणून थोडेच कपडे घेऊन ते रफू करत वापरणे हाच लोकरीचा सर्वांत निर्दोष वापर. बारीक भोकाला वेळीच लोकरी धाग्याने टाके घातले तर शर्ट पुढेही वापरता येतो.