जुना लॅपटॉप तापतो तेव्हा आधी काय मरतं?

सेकंडहँड लॅपटॉप घेतला, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर वगैरे मिळतात ना, कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले लेनोवोचे थिंकपॅड नाहीतर डेलचे लॅटिट्यूड, की थंडीत सगळं मस्त चालतं आणि मग एप्रिल येतो. फॅन थांबायचं नाव घेत नाही, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, आणि घरात कोणीतरी म्हणतंच की जुना झाला, रॅम वाढव. रॅमवर पैसे घालायच्या आधी एकदा टेंपरेचर बघा राव. विंडोजवर कोअर टेंप किंवा एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

थिंकपॅड टी४८० घ्या, २०१८ चं मॉडेल, अजून भरपूर विकलं जातं. त्यातला आय५ प्रोसेसर १५ वॅटचा, टर्बोमध्ये, म्हणजे जोरात पळताना, थोडा वेळ त्याहून बराच जास्त खातो. आकडा छोटा वाटतो, पण एवढी सगळी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून निघते. तापमान १०० डिग्रीला टेकलं की चिप स्वतःच स्पीड पाडते, याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरी भागलं नाही तर मशीन धाडकन बंद. म्हणजे प्रोसेसर स्वतःला वाचवतो. मरतात ते त्याचे शेजारी, म्हणजे बॅटरी, कपॅसिटर (वीज साठवून सोडणारे बारके भाग), सोल्डरचे जोड (चिप बोर्डाला जोडणारे धातूचे टाके), फॅनचं बेअरिंग, कारण त्यांच्याकडे असली सोय नाही आणि ते वर्षानुवर्षं त्याच डब्यात भाजत बसतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल तर इंजिनिअर लोकांचा ठोकताळाच आहे, तापमान १० डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट.

सोल्डरचं दुखणं वेगळं. चिप आणि बोर्ड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, रोज तापणं-गार होणं चालू राहिलं की जोडावर ताण येतो आणि हळूहळू बारीक भेग पडते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप्स अशाच निकामी होतायत म्हणून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते, चिप आणि तिच्या पॅकेजमधलं मटेरियल कमजोर निघालं होतं.

आता उष्णता बाहेर पडते कशी ते बघू, कारण खरी दुरुस्ती तिथेच आहे. चिपवर थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा मलमासारखा थर, त्यावर तांब्याचा चपटा हीट पाइप. हा पाइप भरीव नसतो बरं का, आत अगदी थोडं पाणी असतं, तेही कमी दाबाखाली, ते गरम टोकाला वाफ होतं, फॅनकडच्या टोकाला जाऊन परत पाणी होतं आणि आतल्या जाळीतून मागे झिरपतं, हे दिवसभर आपोआप चालू. पाइप सहसा बिघडत नाही. वाळते ती पेस्ट, मग चिप आणि तांब्याच्या मध्ये हवेच्या फटी राहतात, आणि हवा उष्णता नेण्यात तांब्यापेक्षा पंधरा हजार पटींनी वाईट.

दुसरा अडथळा बाहेरून दिसतच नाही. खालचं झाकण काढून फॅन उचलला की फॅन आणि फिन्सच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पत्र्यांच्या) मधोमध धुळीचा, केसांचा, कापसाचा एक करडा थर सापडतो, इतका घट्ट की चिमट्याने अख्खा पट्टा निघतो. बाहेरून ब्लोअर मारून हा निघत नाही, उलट आत ढकलला जातो. आणि हवा मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.

पेस्ट बदलायची तर आधी बॅटरीचं कनेक्शन काढा (टी४८० मध्ये आतली बॅटरी बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून, डिसेबल होते), हीटसिंकचे, म्हणजे चिपवर बसवलेल्या त्या तांब्याच्या भागाचे, स्क्रू त्यावर छापलेल्या नंबरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. हात थरथरत असेल तर दुकानात द्या, पण समोर बसून करून घ्या.

कूलिंग पॅडवर, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्याच्या स्टँडवर, माझा फार विश्वास नाही. रस्ता आतून बुजलेला असताना खालून पंखा लावून काय होणार? मागची बाजू इंचभर उचलली, गादीवर ठेवणं बंद केलं, तरी बराच फरक पडतो. बहुतेक लॅपटॉप ३५ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात, त्यामुळे चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात दुपारी जड काम टाळलेलंच बरं, खोली १० डिग्रीने तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट दिसत असेल तर १०० चं ९९ करा, टर्बो बंद होतो, रोजच्या कामात फारसं जाणवतही नाही.

बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज ही जोडी सगळ्यात वाईट. कायम चार्जरवर असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाहीये, झाकण नीट बसत नाही असं दिसलं तर बॅटरी फुगलीय समजा, त्याच क्षणी चार्जिंग बंद, दाबायची नाही, टोचायची नाही, काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची, घंटागाडीत अजिबात नाही.