बेसवरचं पाणी नि बर्फ: आरशापासून रेझिनपर्यंत

मिनिएचरच्या, म्हणजे रंगवलेल्या छोट्या बाहुलीच्या, बेसवर (तिच्या पायाखालच्या चकतीवर) पाणी करायचं म्हटलं की आज म्हापशातला नाहीतर मडगावातला पोरगा सुद्धा सरळ रेझिनची, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाची, बाटली ऑनलाइन मागवतो. पण ही बाटली या छंदात बरीच उशिरा आली आणि ती आपल्यासाठी म्हणून कुणी बनवलीही नव्हती. या कामातलं जवळजवळ सगळं मटेरियल दुसऱ्यांच्या धंद्यातून उचललेलं आहे, कधी म्युझियममधून, कधी रेल्वे मॉडेलवाल्यांकडून, कधी होड्या बांधणाऱ्यांकडून. कुठून काय आलं हे कळलं की ते कधी नि का बिघडतं तेही कळतं.

सगळ्यात जुनी युक्ती आरशाची. गोव्यात हे वेगळं सांगायला नको, नाताळच्या गोठ्यात आरशाचा तुकडा ठेवला, कडेला माती नि नाचणीचे कोंब लावले की झालं तळं, वर कापसाचा बर्फ. या प्रथेचं मूळ लोक १२२३ सालापर्यंत नेतात, तेव्हा संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत जनावरं आणून गोठ्याचा देखावा केला होता. चवथीला कुणी कैलास उभारतो तेव्हाही बर्फाला कापूसच लागतो. लांबून हे छानच दिसतं, पण आरशात पाण्याचा तळ दिसत नाही, घराचं छप्पर दिसतं, आणि मिनिएचर ही तर हातात घेऊन डोळ्याजवळ धरायची वस्तू.

तळ दाखवायचं काम म्युझियमवाल्यांनी मनावर घेतलं. अमेरिकेत मिलवॉकीच्या म्युझियममध्ये कार्ल एकलीने १८९० मध्ये मस्करॅट या पाणथळ प्राण्याचा देखावा केला, त्यात पाण्यावरचं आणि पाण्याखालचं जग एकत्र दिसतं. पुढे १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बहामातल्या प्रवाळाचा दोन मजली देखावा पुरा झाला, वर समुद्राचा पृष्ठभाग, खाली प्रवाळ, आणि त्यासाठी सुमारे ४० टन प्रवाळ तिथून आणलं होतं. आज आपण बेसची एक कड कापून पाण्याचा उभा छेद दाखवतो ना, ती नजर तिथली.

रेल्वे मॉडेलवाल्यांकडे असा पैसा नव्हता, मग त्यांनी बाथरूमच्या खिडकीची लहरी काच वापरली, नाहीतर प्लास्टरवर नदी रंगवून वरून ग्लॉस वार्निशचे हात मारले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण त्यात पाण्याचा रंग पूर्णपणे खालच्या पेंटमधून येतो, काठाला फिकट वाळूसारखा, मध्ये हिरवट, खोलात जवळजवळ काळा, आणि वार्निश फक्त चमक देतं. रेझिन आल्यावरही हे बदललेलं नाही. उलट रेझिनमध्ये तर याची जास्तच गरज पडते, पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३३ आणि रेझिनचा १.५ च्या आसपास, त्यामुळे १० मिमी खोल पाणी वरून साडेसात मिमी वाटतं पण तेवढंच रेझिन साडेसहाच्या आसपास वाटतं. तळ वर आल्यासारखा दिसतो, म्हणून खोलगट भाग डोळ्याला योग्य वाटतो त्याहून एक शेड गडद रंगवावा.

आता रेझिन. पॉलिएस्टर रेझिनची पेटंटं १९३० च्या दशकातली, दुसऱ्या महायुद्धात त्याच्यात काचेचे धागे घालून फायबरग्लास झालं आणि युद्धानंतर ते होड्यांत गेलं. आपल्याकडे मच्छीमारांच्या होडीवर फायबर चढवतात ते हेच. म्हणून गोव्यात हे हाताशी मिळतं, पण त्यातलं स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं, म्हणजे थर्माकोलचा किनारा बसतो आणि प्लास्टिकच्या मिनिएचरचे पाय मऊ पडतात. इपॉक्सीचं तसं नाही. त्याचं पहिलं काम जर्मनीत पाउल श्लाकने १९३४ मध्ये केलं, स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तानने पुढे नेलं, आणि १९४६ मध्ये सिबा कंपनीने बासेलच्या प्रदर्शनात अ‍ॅराल्डाइट आणलं, तेच अ‍ॅराल्डाइट जे आपल्या प्रत्येक घरात तुटलेलं काहीतरी चिकटवायला असतं. त्याचं पातळ, पारदर्शक भावंड हळूहळू डायोरामात, म्हणजे छोट्या देखाव्यांत, शिरलं.

छंदाच्या बाजूनेही वेळ जुळून आली. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या मॉडेल किटमध्ये शेपर्ड पेन या मॉडेलकाराच्या डायोरामांची पत्रकं यायची, त्यातून कित्येकांना कळलं की मॉडेलइतकीच जमीनही महत्त्वाची. मग १९७९ मध्ये मिनिएचर बनवणारी सिटाडेल कंपनी, १९८३ मध्ये मिनिएचरनी खेळायचा वॉरहॅमर खेळ, १९८७ पासून मिनिएचर रंगवण्याची गोल्डन डेमन स्पर्धा, आणि वाळू नि हिरवा रंग एवढ्यावर भागणारा बेस बघता बघता स्वतंत्र कलाकृती झाला.

बर्फाची गोष्ट मात्र जास्त अवघड. मीठ, साखर, पीठ सगळं वापरून झालं, पण आपल्या हवेत मिठाला पाणी सुटतं आणि साखरेला मुंग्या लागतात. खायचा सोडा नि फेविकॉल बरीच वर्षं चाललं, ते पुढे पिवळं पडतं, म्हणून आता बारीक काचेची पूड नाहीतर तयार स्नो पेस्ट. गोठलेल्या पाण्यासाठी मात्र गोव्यातल्या माणसाला हिमालयात जायची गरज नाही, सकाळी मालिमच्या मासळी जेटीवर जाऊन बर्फाची लादी नीट बघा. बाहेरून काचेसारखी स्वच्छ आणि मधोमध पांढरी. लादी बाहेरून आत गोठते, पाण्यात विरघळलेली हवा आत ढकलली जाते आणि शेवटी मध्ये बुडबुडे होऊन अडकते. तळं वरून खाली गोठतं, पण हवा तशीच पुढे ढकलली जाते, म्हणून बेसवर पांढुरका रंग सगळीकडे सारखा फासू नये, रेझिनच्या दोन थरांच्या मध्ये ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, पुसट ढग आणि थोड्या उभ्या तडा द्याव्यात, तेव्हा ते बर्फ वाटतं.

आणि आपला पाऊस. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं (ते कडक करणाऱ्या द्रवातलं) अमाइन नावाचं रसायन हवेतला दमटपणा नि कार्बन डायऑक्साइड धरून वर तेलकट पांढरा थर आणतं, आणि पाण्यावर आधारलेलं अ‍ॅक्रिलिक वॉटर इफेक्ट (पाणी दाखवायचा तयार द्रव) जुलैत दिवसेंदिवस दुधाळच राहतं. म्हणून इथे यूव्ही (अतिनील प्रकाशाने कडक होणारं) रेझिन इतकं पटकन रुजलं, ३९५ ते ४०५ नॅनोमीटरची टॉर्च मारली की मिनिटांत कडक, हवेत किती ओल आहे याचा फारसा फरक पडत नाही. फक्त थर दोनेक मिमीचाच घ्यायचा, जाड ओतलं तर प्रकाश खालपर्यंत पोचत नाही आणि तळाशी चिकट राहतं. मोठा ओतीव समुद्र करायचा असेल तर तो इपॉक्सीनेच, नोव्हेंबरनंतर, दुपारच्या कोरड्या हवेत.