पार्श्वभूमी : बांध शेतात, हद्द कागदात

रब्बी निघाली की रानं मोकळी होतात आणि मोजणीचे अर्ज वाढतात. उभ्या पिकात मोजणी करणं अवघड, त्यामुळे सगळी घाई उन्हाळ्यात. मोजणी होते, खुणा रोवल्या जातात आणि मोजणीदार घरी पोचायच्या आत शेजारी त्या उपटतो. दोष ठरलेला असतो : बांध कोरला. कोरणारे आहेतच. दर नांगरटीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, आत सरकायचं, बांधावरची बोराटी पेटवून द्यायची, मग रोटाव्हेटर थोडा तिरका घालायचा. हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात अशा तंट्याचे जुने कागद काढले, तर पुष्कळदा नांगराच्या आधी गटवारी भेटते, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची सरकारी योजना. म्हणून इथे तिलाच जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. जुन्या काळी तंटा शेताच्या बांधापेक्षा गावाच्या शिवेचा मोठा. शिव राखणं हे महार वतनातलं काम होतं आणि दोन गावांत शिवेवरून जुंपली की त्यांच्या साक्षीला वजन असे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची त्याला घर मात्र गावकुसाबाहेर, ही गोष्ट शिवेच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. साक्षीने भागलं नाही तर दिव्य, म्हणजे खरंखोटं ठरवणारी कठोर परीक्षा. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी धरून जमिनी मोजल्याचं आणि वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा धरल्याचं बखरीत येतं. पण ती मोजणी साऱ्यासाठी, म्हणजे जमीन महसुलासाठी होती. माझा बांध कुठून कुठे जातो, हे सांगणारा कागद तिच्यातून शेतकऱ्याच्या हाती आला नाही.

तो आला इंग्रजी अमदानीत. १८२०च्या दशकात पुणे भागातली पहिली मोठी मोजणी आकारणीच्या किचकट हिशेबापायी फसली. मग १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात झाली आणि १८४७ साली तिचे नियम एकत्र बांधले गेले. ३३ फुटांची साखळी, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सर्वे नंबर पाडताना एका बैलजोडीला झेपेल एवढं रान, असा ढोबळ अंदाज धरला होता. लहान शेतं एकत्र करून एकेक नंबर केला, कोपऱ्यांवर दगड आले आणि प्रत्येक नंबरचं टिपण तयार झालं. टिपण म्हणजे मापांसह काढलेला शेताचा कच्चा आराखडा. आजही हद्दीचा वाद हातघाईवर आला की जाणकार माणूस आधी विचारतो, ‘मूळ टिपण आहे का?’ वाटण्या होत गेल्या तशी पुढे पोटहिश्श्यांची मोजणी झाली, फाळणी नकाशे आले. सरकारने हे गावावर प्रेम म्हणून केलं नाही, सारा हवा होता म्हणून केलं. तरी काम नेटकं होतं, एवढं मान्य करायला हरकत नाही.

आता गटवारी. कायद्याचं मूळ नाव लांबलचक : मुंबईचा धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबतचा अधिनियम, १९४७. लोकांनी त्याची दोन सुटसुटीत नावं केली, तुकडेबंदी आणि गटवारी. हेतूवर शंका घेण्यासारखं काही नाही. एकाच माणसाची जमीन गावात चार ठिकाणी : ओढ्याकडे दहा गुंठे, माळाला एकर, मधे दुसऱ्याचं रान. विहीर पाडायची तर कुठल्या तुकड्यात? राखण कुठे करायची? म्हणून एका मालकाचे लागून असलेले तुकडे जोडायचे, लांबचे तुकडे शेजाऱ्यांशी अदलाबदल करून जवळ आणायचे, किमतीत फरक पडला तर भरपाई द्यायची आणि सलग झालेल्या जमिनीला नवा गट नंबर द्यायचा. गावात जबाब घेतले गेले, योजनेची पत्रकं लागली, सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. पुणे, नाशिक, औरंगाबाद या विभागांत हे मोठ्या प्रमाणावर झालं. कोकण आणि विदर्भ बऱ्याच अंशी बाहेर राहिले, म्हणून तिकडे ‘सर्वे नंबर किती?’ असंच आजही विचारतात.

जिथे अदलाबदल खरोखर जमिनीवर झाली तिथे शेतकऱ्याचा फायदा झाला. सलग रान मिळालं, विहीर झाली, पाट काढता आला. अशी गावं आहेत. पण बहुतेक ठिकाणी अडलं ते शेवटच्या पायरीवर, ताब्यावर. कागदावर ओढ्याकडचे दहा गुंठे शेजाऱ्याच्या गटात गेले, त्याचा माळाचा तुकडा आपल्याकडे आला. प्रत्यक्षात मात्र दोघंही आजोबांच्या वेळेपासून कसत होते तेच रान कसत राहिले. ओढ्याकडची काळी माती सोडून माळावर कोण जाईल? पहिली पिढी एकमेकांना ओळखून होती. ‘तू तुझं कर, मी माझं करतो’ एवढ्यावर भागलं. सातबारा पेटीत, बांध जागच्या जागी.

दुसरी गाठ नकाशाची. बऱ्याच गावांत गटाचा नकाशा नवी साखळी टाकून झालाच नाही. जुनी टिपणं आणि फाळण्या एकमेकांना जोडून तो बसवला. जोडताना कुठे फूट इकडे, कुठे तिकडे. त्यात मापं एकर-गुंठ्यातून हेक्टर-आरमध्ये आली. गुंठा १०१ चौरस मीटरहून थोडा मोठा, आर बरोबर १००. फरक दिसायला नगण्य, पण पारावर दोन्ही एकच समजले जातात आणि दोन-चार हेक्टरच्या गटात ‘माझा गुंठा कुठे गेला?’ हा प्रश्न उभा राहतो. तो शेजाऱ्याने खाल्ला असं मानणं सगळ्यात सोपं.

नव्वदच्या दशकात योजना थांबवली गेली. तोवर झालेली गटवारी मात्र तशीच राहिली. दुरुस्तीसाठी कायद्यात कलम ३२ आहे, पण ते कुठवर ताणायचं यावर वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. लेखनातली चूक दुरुस्त होते. ‘योजनाच चुकली’ असं तीस वर्षांनी म्हटलं तर चालतं का? उच्च न्यायालयाचा कल वाजवी मुदतीच्या बाजूने राहिला आहे. कायदा म्हणून ते बरोबर असेल. पण शेतकऱ्याला चूक कळते कधी? बहुतेकदा बाप गेल्यावर, वारसनोंद करताना किंवा जमीन विकायला काढल्यावर. म्हणजे मुदत संपून गेल्यावर.

इथे एका शब्दाने आणखी गोंधळ घातला आहे : ‘हद्द कायम’. हद्द कायम मोजणी म्हटलं की लोकांना वाटतं, आता हद्द कायमची ठरली. तिथे ‘कायम’ म्हणजे अभिलेखाप्रमाणे, सरकारी नोंदी-नकाशाप्रमाणे, निश्चित केलेली. मोजणीदार नकाशातली रेघ रानात कुठे येते ते दाखवतो, ‘क’ प्रतीत, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशात, वहिवाटीची हद्द वेगळी असेल तर तीही दाखवतो आणि निघून जातो. शेजाऱ्याचं अतिक्रमण दाखवणं त्याचं काम, ते काढणं नाही. ताबा हवा तर दिवाणी दावा. अभिलेखच गटवारीत बिघडलेला असेल तर मोजणी चोख होऊनही निघालेली हद्द कुणालाच ओळखीची वाटत नाही. खुणा उपटणारा प्रत्येक जण चोर नसतो. कधी कधी तो आजोबाने लावलेल्या आंब्याच्या बाजूने उभा असतो.

वाटण्यांनीही बांध वाढवलेच. चौघा भावांना प्रत्येकी रस्ता आणि विहिरीची बाजू हवी, म्हणून उभे वाटे पडतात. १०० मीटर बाय १०० मीटरच्या हेक्टरभर रानाचे चार उभे पट्टे केले की आत ३०० मीटर नवा बांध तयार होतो. अर्धा मीटर रुंदी धरली तरी दीड गुंठा बांधातच गेला. पुढच्या पिढीला तो दीड गुंठा डोळ्यांत खुपतो. त्यातून बांधावरच्या बाभळीची सावली कुणाच्या ज्वारीवर पडते आणि तिचा पाला कुणाच्या शेळ्या खातात, हे वेगळंच. कोकणात दगडी गडगा असतो, तो निदान सहज सरकत नाही. विदर्भात ज्याला धुरा म्हणतात तो मात्र बांधासारखाच दरवर्षी बारीक होत जातो. हद्दीची सरकारी खूण हलवणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४३४ खाली एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा होता, हे गावात सांगितलं तर लोक हसतात.

गेल्या काही वर्षांत यंत्रं बदलली. साखळी आणि मोजणीचं टेबल गेलं, ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, आता रोव्हर. उपग्रहाच्या आधाराने काही सेंटिमीटरपर्यंत नेमका बिंदू मिळतो. पण यंत्र नवं आणि नकाशा जुना, अशी ही जोडी आहे. फूटभर चूक पोटात घेऊन साठ वर्षं गप्प बसलेला नकाशा आता सेंटिमीटरमध्ये बोलू लागला. मोजण्या वाढल्याने वाद कमी होतील ही अपेक्षा म्हणूनच जरा भाबडी वाटते.

ताब्याच्या गाठीवर थेट बोट ठेवणारा अलीकडचा प्रयत्न म्हणजे जानेवारी २०२३ची सलोखा योजना. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची पहिल्याकडे, असं किमान बारा वर्षं चालू असेल तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र खर्चात करता येतो, मुद्रांक शुल्क एक हजार रुपये. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात, आजूबाजूच्या गटधारकांच्या सह्या घेतल्या जातात. शेतजमिनीपुरतीच सवलत. गटवारीने कागद हलवून माणसं तिथेच ठेवली होती. इथे माणसं आहेत तिथे ठेवून कागद मागे आणायचा आहे.

अट एकच जड जाते : दोन्ही बाजूंची संमती. १९७०च्या सुमारास जे दोन शेजारी बांधावर तंबाखू मळत ‘तू तुझं कर’ म्हणाले होते, त्यांच्या जागी आता सातबाऱ्यावर एकीकडे सात नावं आहेत, दुसरीकडे अकरा. बहिणी सासरी, एक पुतण्या ठाण्यात, एकाची वारसनोंदच राहिलेली. आणि ओढ्याकडच्या त्या दहा गुंठ्यांशेजारून मधल्या काळात डांबरी रस्ता गेला आहे.