उंदीरसुद्धा ‘डिअर’च होता

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटीत बड्या साहेबांना सावलीच्या बाजूची केबिन मिळे: येताना डावीकडची, परतताना उजवीकडची. तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ असा शिक्का असे आणि त्याची आद्याक्षरं जुळवली की ‘पॉश’! गोष्ट झकास आहे. फक्त असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आणि आद्याक्षरांचे शब्द करण्याची चाल विसाव्या शतकाआधी फारशी नव्हतीच.

शब्दाच्या बाबतीत पुरावा कशाला म्हणायचं, ते ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशाने दाखवून दिलं. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, पहिला भाग १८८४ मध्ये आला, शेवटचा १९२८ मध्ये. संपादक जेम्स मरे यांनी वाचकांनाच कामाला लावलं. जुनी पुस्तकं वाचायची, शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचं, वर शब्द, सोबत साल, लेखक, पुस्तक, पान. मरे यांच्या पत्र्याच्या खोलीत या चिठ्ठ्यांसाठी हजारावर खण होते. आधीच्या संपादकांकडून आलेल्या एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला होता.

एका शब्दाच्या चिठ्ठ्या सालवार लावल्या की गंमत सुरू होते. ‘डिअर’ घ्या, म्हणजे आजच्या इंग्रजीतलं हरीण. हजार वर्षांपूर्वी हा शब्द ‘देओर’ असा होता आणि अर्थ होता जनावर, कुठलंही. जर्मनमध्ये ‘टीअर’ आजही जनावरच. मग तो हरणापुरता कसा उरला? कोणी ठरवून केलं नाही. मूल अर्थ शिकतं ते ऐकलेल्या वाक्यांतून. ‘राजा रानात देओर मारायला गेला’ या वाक्यात जनावर घेतलं तरी चालतं, हरीण घेतलं तरी चालतं. बोलणाऱ्याच्या मनात पहिलं, ऐकणाऱ्या पोराच्या मनात दुसरं, आणि वाक्य दोघांनाही खरं वाटतं, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. शिकारीत बहुतेकदा हरीणच पडत असेल तर पुढच्या पिढीसाठी ‘देओर’ म्हणजे हरीण. तेवढ्यात फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आला, त्याने जनावराची जागा घेतली. पुढे लॅटिनमधल्या ‘अ‍ॅनिमल’ने त्यालाही बाजूला सारलं.

जुना अर्थ मात्र एका दिवसात मरत नाही, दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदतात. ‘किंग लिअर’मध्ये वेडाचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो, उंदीर, घुशी आणि असलेच ‘स्मॉल डिअर’ हे सात वर्षं माझं अन्न. इथे हरीण वाचलं तर सगळंच बिघडतं. ‘विल्डरनेस’च्या पोटातही हाच ‘डिअर’ दडलेला आहे: रानटी जनावरांची जागा.

आता गंमत बघा, आपल्याकडे ‘मृग’ याच वाटेने गेला. ऋग्वेदात विष्णूला ‘मृगो न भीमः’ म्हटलंय, मृगासारखा भयंकर! हरणाला कोण घाबरतो? तिथे मृग म्हणजे रानातलं जनावर. म्हणूनच सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि रानडुकराची शिकार केली तरी ती मृगयाच. इंग्लंडच्या रानातला शब्द आणि आपला, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. शिकारीची वाक्यं तेवढी सारखी.

‘पॉश’च्या व्युत्पत्तीबद्दल कोशकारांचं म्हणणं एवढंच की ती नक्की माहीत नाही. हे मी ग्रुपवर टाकलं. पाचच मिनिटांत काकांचं उत्तर आलं: ‘गोल्फ’ म्हणजे ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’, हे तरी माहीत आहे ना?