कुत्रं, बकरं आणि यकृतातली पाण्याची गाठ

कंदुरीला बकरं कापलं की काळजावर, म्हणजे यकृतावर, किंवा फुफ्फुसावर कधी कधी पाण्याने भरलेली पांढरट पिशवी दिसते. कापणारा तेवढा भाग छाटून बाजूला फेकतो. जेवणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असतं, पण जवळच गावातली कुत्री टपून बसलेली असतात आणि ती पिशवी थेट त्यांच्या पोटात जाते. माणसाच्या यकृतात वाढणाऱ्या एका धोकादायक सिस्टची वाट इथूनच निघते. तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. उस्मानाबादी शेळीच्या आणि मेंढवाड्यांच्या या मुलखात तिची माहिती घरोघर असायला हवी.

त्या पिशवीत एका फितकृमीची हजारो पिल्लं असतात. त्याचं शास्त्रीय नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. कुत्र्याच्या आतड्यात त्याची वाढ पूर्ण होते, आणि तेव्हाही लांबी असते जेमतेम 2 ते 7 मिलिमीटर. साधारण दीड महिन्यात कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. कुत्रं मात्र धडधाकट दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. अंडी गवताला चिकटली की चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या यकृतात पुन्हा पिशव्या तयार होतात.

माणूस या साखळीत चुकून सापडतो. कुत्र्याच्या केसांना, अंगणातल्या मातीला, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीला लागलेली अंडी हातातोंडातून आत जातात. आतड्यात अंडं फुटतं, त्यातला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि पहिल्यांदा यकृतात अडकतो, कारण आतड्याकडून येणारं रक्त आधी तिथेच जातं. म्हणून अशा सुमारे 70 टक्के गाठी यकृतात आणि 20 टक्के फुफ्फुसात सापडतात. मटण खाल्ल्याने हा आजार होत नाही. माळकरी माणसालाही तो होऊ शकतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही.

गाठ फार सावकाश वाढते. लहानपणी मेंढवाड्यावर कुत्र्याच्या पिलाशी खेळताना शिरलेला जीव पस्तिशीत पोट जड वाटायला लागल्यावर, किंवा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. मधल्या काळात बहुतेकांना काहीही त्रास होत नसतो.

रिपोर्टात ‘सिस्ट’ वाचलं की घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण सिस्ट म्हणजे स्वतःची भिंत असलेली, आत द्रव किंवा मऊ पदार्थ असलेली पोकळी. बहुतेक सिस्ट कॅन्सरच्या नसतात. पन्नाशीनंतर मूत्रपिंडात साधी पाण्याची सिस्ट दिसणं नेहमीचंच आहे आणि तिला सहसा काही करावं लागत नाही. तरुण बाईच्या अंडाशयातली साधी सिस्ट बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. मात्र ओटीपोटात एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. मग सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा. पाळी गेल्यानंतर दिसलेली सिस्ट किंवा जिच्यात घट्ट भाग आहे अशी सिस्ट नीट तपासून घ्यायलाच हवी.

पाठीवरच्या किंवा डोक्यावरच्या गाठीला बिब्बा लावणं, डाग देणं, ती दाबून फोडणं अजूनही चालतं. त्याने कातडी भाजते, पू होतो आणि गाठ परत येते, कारण आतली पिशवी जागेवरच राहते. ती पिशवी अख्खी काढावी लागते.

हायडॅटिडचा धोका याहून मोठा आहे. आतलं पाणी स्वच्छ दिसतं, पण शरीराला ते परकं असतं. पोटाला मार लागून गाठ फुटली तर अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. शिवाय सांडलेल्या पाण्यातल्या पिल्लांपासून पोटात नव्या गाठी वाढतात. फुफ्फुसातली गाठ फुटली तर खोकल्यातून खारट पाणी आणि पांढऱ्या पापुद्र्याचे तुकडे पडतात. म्हणून यकृतातल्या सिस्टमध्ये सुई घालण्याआधी ती हायडॅटिड नाही ना, हे तपासलंच पाहिजे. आपल्याकडे शेळ्यामेंढ्या आहेत, कुत्रं आहे, हे न विचारताही डॉक्टरांना सांगावं.

उपचार गाठीच्या अवस्थेवर ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सोनोग्राफीवरून तिच्या पाच अवस्था ठरवल्या आहेत. चुना साठून निष्क्रिय झालेल्या गाठीवर नुसती नजर ठेवतात. लहान गाठीला अल्बेंडाझोलच्या गोळ्या काही महिने देतात. त्या तेला-तुपाच्या जेवणाबरोबर घेतल्या तर शरीरात जास्त शोषल्या जातात. मध्ये मध्ये रक्त तपासून यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि गरोदरपणात त्या मनाने घेऊ नयेत. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना मिळते ती हीच गोळी. पण त्या एका गोळीने ही गाठ जात नाही. काही गाठींत सोनोग्राफीवर पाहत सुईने पाणी काढतात, तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल आत सोडतात, थोडा वेळ थांबून तेही ओढून घेतात. गाठीत आणखी छोट्या गाठी झाल्या असतील किंवा ती फुटायच्या बेतात असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

इतका खर्च आणि त्रास टाळण्याची जागा गावातच आहे. आइसलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा आजार फार पसरला होता. कापलेल्या मेंढ्यांचे अवयव कुत्र्यांना मिळू द्यायचे नाहीत, हे लोकांना समजावून त्यांनी तो देशातून हटवला. आपल्यालाही ते जमण्यासारखं आहे. कंदुरी असो की जत्रा, गाठी असलेलं काळीज आणि फुफ्फुस कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावं, नाहीतर किमान अर्धा तास खळखळ उकळावं. मेंढपाळाला कुत्रं लागतंच, ते त्याच्या कळपाचं रक्षण करतं. त्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून प्राझिक्वान्टेल हे जंताचं औषध वेळापत्रकाप्रमाणे द्यावं आणि औषधानंतर दोन-तीन दिवस त्याची विष्ठा पुरून टाकावी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. जत्रेच्या आधीच्या ग्रामसभेत खड्ड्याची जागा ठरली, तर त्या वर्षीपासूनच कुत्र्यांच्या तोंडी जाणाऱ्या गाठी कमी होतील.